स्विचवर हात कुणाचा?

पुण्यात व्याख्यान संपून प्रश्नोत्तरं सुरू झाली की वक्ता सावध होतो. पहिल्या रांगेतले काका उठतात आणि "प्रश्न असा नाही, माझं थोडं मनोगत आहे" म्हणत दहा मिनिटं खातात. पण वक्ता परदेशी वाहिनीत काम करणारा पत्रकार असला तर मनोगताची गरज कुणाला वाटत नाही. थेट विचारणा होते, "तुम्हाला पगार कोण देतं?" हशा होतो, टाळ्या पडतात, आणि विचारणारा किल्ला सर केल्यासारखा खाली बसतो. त्या पत्रकाराने कोणती बातमी दिली होती, ती खरी होती की खोटी, यात मग कुणाला रस उरत नाही.

पगार विचारू नये असं मी म्हणणार नाही. पैसा कुठून येतो हे विचारायलाच हवं. देशी वाहिन्यांना तर आधी विचारायला हवं, पण तिथे तो प्रश्न आपल्याला सुचत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पगाराचं उत्तर मिळालं की चौकशी संपली, असं आपण धरून चालतो. परमुलखात बसून रेडिओवर, टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाची निष्ठा आपण त्याच्या पगारावरून, फार तर पासपोर्टवरून ठरवून टाकतो. त्याच्या समोरच्या मायक्रोफोनचा स्विच कुणाच्या हातात होता, आणि तो हात आड आला तेव्हा या माणसाने काय केलं, हे विचारायचं राहूनच जातं. अशा माणसाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती तिथे घ्यावी.

उदाहरणासाठी लांब जायला नको. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली एक मुलगी पुरेशी आहे. वेणू चितळे. (चितळे म्हटलं की पुणेकराला दुसरंच काही आठवतं, तो भाग वेगळा.) जन्म १९१२ चा, कोल्हापूरकडचा. शाळा हुजूरपागा, पुढे मुंबई, आणि १९३० च्या दशकात शिक्षणासाठी लंडन. महायुद्ध पेटलं तेव्हा त्या इंग्लंडातच होत्या, आणि १९४० च्या सुमारास बीबीसीत लागल्या. तिथे भारतासाठी प्रसारण करणारा विभाग झुल्फिकार अली बुखारी चालवत. १९४१ च्या ऑगस्टमध्ये त्या विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल रुजू झाले. वेणूताईंनी त्यांच्या हाताखाली काम केलं, स्वतः कार्यक्रम केले, मराठी प्रसारणाला हातभार लावला. रेशनच्या काळात ब्रिटिश गृहिणींसाठी 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम लागायचा. मांसाहाराची टंचाई असलेल्या त्या देशाला आपल्याकडचे शाकाहारी पदार्थ त्यांनी तिथे समजावून सांगितले.

त्या काळातलं एक छायाचित्र साहित्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा छापलं जातं. १९४२ साल, 'व्हॉइस' नावाच्या नभोवाणी-मासिकाचं ध्वनिमुद्रण. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, नारायण मेनन. मागे उभे ऑर्वेल आणि विल्यम एम्पसन. आणि डाव्या कडेला वेणू चितळे. छायाचित्राखालच्या ओळीत बाकीच्यांची नावं वाचून लोक मान डोलावतात आणि हे नाव ओलांडून पुढे जातात. आपल्याकडे विजया देव यांनी त्यांच्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, म्हणून निदान काही जणांना त्या माहीत झाल्या.

आता त्या टेबलावरचं कामकाज पाहू. ऑर्वेल आठवड्याचं वार्तापत्र इंग्रजीत लिहीत. त्याची मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ भाषांतरं होऊन ती हिंदुस्थानकडे प्रक्षेपित होत. अशी भाषांतरासाठीची शंभराहून अधिक वार्तापत्रं त्यांनी लिहिली. प्रत्येक संहितेवर दोन शिक्के लागत: एक सुरक्षेच्या दृष्टीने तपासल्याचा, दुसरा धोरणाच्या दृष्टीने तपासल्याचा. शिक्के पडले तरी काम संपत नसे. प्रत्यक्ष प्रसारण चालू असताना संहितेची प्रत हातात धरून आणखी एक जण स्टुडिओत बसे. त्याला म्हणत स्विच सेन्सॉर. बोलणारा मंजूर मजकुरापासून ढळला की स्विच दाबायचा आणि आवाज बंद करायचा, एवढंच त्याचं काम. मराठी वार्तापत्र असेल तर मराठी कळणाराच माणूस तिथे लागणार. म्हणजे साम्राज्याने सोय अशी केली होती की मराठी तोंडावर हात ठेवायलाही मराठी माणूसच बसवावा.

९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्यात आणलं गेलं, आगाखान पॅलेसमध्ये. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथेच वारले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास झाला, तोही तिथेच. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. वेणूताईंच्या शाळेपासून फार तर तासाभराच्या टांग्याच्या अंतरावर हे सगळं घडत होतं, आणि त्याबद्दल लंडनहून मराठीत काय सांगायचं हे मराठी बोलणारे ठरवत नव्हते. 'पगार कोणाचा?' या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे: युद्धकाळात सरकारच्या देखरेखीखाली चालणाऱ्या संस्थेचा, आणि ते सरकार गांधींना कोंडणारं. मग निकाल लागला का?

याच कसोटीवर दुसरा माणूस घेऊ. सुभाषबाबू १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. जानेवारी १९४२ मध्ये आझाद हिंद रेडिओ सुरू झाला. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि त्यानंतर चारच दिवसांत त्यांचा स्वतःचा आवाज हिंदुस्थानात ऐकू आला. या केंद्रावरून इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळबरोबर मराठीतही बातम्या जात. म्हणजे एकाच वर्षी लंडनहूनही मराठी येत होती आणि बर्लिनहूनही. बर्लिनच्या प्रक्षेपकाचं वीजबिल कोण भरत होतं? नाझी राजवट. सुभाषबाबूंनी आपल्यासाठी बरीच मोकळीक मिळवली होती हे खरं, पण रशियावरच्या जर्मन हल्ल्याविरुद्ध त्या केंद्रावरून कुणी अवाक्षर काढू शकलं असतं असं मानणं भाबडेपणाचं होईल. तरी सुभाषबाबूंना आपण पगाराचा प्रश्न विचारत नाही. विचारू नयेच, कारण तो प्रश्न त्या माणसाचं मोजमाप करायला तोकडा आहे. मग तो वेणू चितळे यांच्यासाठी पुरेसा कसा होतो? आणि आज दिल्ली-मुंबईत बीबीसीसाठी, नाहीतर कतार, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या वाहिन्यांसाठी काम करणाऱ्यांसाठी तरी कसा होतो?

स्विच स्वतःच्याच हातात असण्याचं उदाहरणही त्याच वर्षीचं आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानात कुठून तरी'. जागा बदलत, पोलिसांना हुलकावणी देत तो सुमारे तीन महिने चालला. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली आपल्या येरवड्यात. आपला स्विच आपल्या हाती ठेवण्याची किंमत ती होती. ती मोजणारे थोडे असतात, आणि त्यांच्यापुढे मान तुकवावी. पण बाकीचे सगळे दुसऱ्याच्या स्विचवर काम करतात. लंडनमध्येही, बर्लिनमध्येही, आणि पुण्याच्या कुठल्याही वृत्तपत्राच्या संपादकीय टेबलावरही. त्यांची नैतिकता मोजायला 'तुझा स्विच का नाही?' हे माप चालणार नाही.

ऑर्वेल यांनी स्वतः १९४३ च्या सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. ज्या कामातून काही निष्पन्न होत नाही त्यावर आपला वेळ आणि लोकांचा पैसा वाया जातोय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं. हिंदुस्थानात लघुलहरींचे रेडिओ असलेली घरंच कितीशी होती. वेणूताईंनी वेगळा रस्ता धरला. लंडनमध्येच कृष्ण मेनन यांच्या, भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या इंडिया लीगच्या कामाशी त्यांचा संबंध आला, १९४७ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि दिल्लीत फाळणीच्या निर्वासितांमध्ये काम केलं. १९५० मध्ये लग्न होऊन त्या लीला खरे झाल्या. त्याच वर्षी पुण्यातल्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांवरची त्यांची इंग्रजी कादंबरी आली. १९९५ मध्ये त्या गेल्या. दोघांपैकी कोण अधिक प्रामाणिक, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोघांनाही शिक्के ठाऊक होते, दोघांनीही आपापल्या परीने त्यातून वाट काढली. ऑर्वेल यांना राजीनामा देणं परवडत होतं, कारण त्यांच्यापुढे लेखणी आणि लंडन दोन्ही होतं. युद्धकाळात परक्या देशात अडकलेल्या मराठी बाईपुढे किती वाटा असतात, हे पुण्याच्या सभागृहात बसून ठरवायला आपल्याला फारच सोपं जातं.

आता बाजू उलटी करू, म्हणजे लंडनहून इकडे आलेला माणूस. बीबीसीचे वार्ताहर मार्क टुली यांचा जन्म १९३५ चा, कोलकात्याचा. वडील इंग्रज व्यापारी. घरच्या ड्रायव्हरकडून शिकलेले हिंदी आकडे म्हणून दाखवले म्हणून इंग्रज दाईने मारलं, ही नोकरांची भाषा म्हणून; ही आठवण ते स्वतः सांगत. १९६५ मध्ये ते बीबीसीच्या दिल्ली कार्यालयात आले तेही कारकुनी कामावर. पुढे वीस-बावीस वर्षं ते त्या कार्यालयाचे प्रमुख. बांगलादेश युद्ध, आणीबाणी, अमृतसर, इंदिराजींची हत्या, भोपाळ, अयोध्या. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी यातलं निम्मं त्यांच्या तोंडून नाहीतर त्यांच्या बातमीच्या हिंदी अवतारातून ऐकलं. गावाकडे तर 'बीबीसीने सांगितलं' हा वाद मिटवायचा हुकमी एक्का असे.

दिल्लीशी बीबीसीचं बिनसणं नवं नव्हतं. १९७० मध्ये लुई माल यांचे भारतावरचे माहितीपट बीबीसीने दाखवले म्हणून कार्यालयाला टाळं लागलं होतं, ते दीडेक वर्षाने उघडलं. १९७५ मध्ये आणीबाणी आली. परदेशी वार्ताहरांनी सेन्सॉरचे नियम पाळण्याची हमी लिहून द्यावी, असा आग्रह धरण्यात आला. बीबीसीने सही करायचं नाकारलं आणि टुलींना चोवीस तासांत देश सोडावा लागला. ते परतले १९७७ मध्ये. त्या मधल्या काळात येरवड्यात संघाचे, समाजवादी पक्षाचे, कितीतरी विचारांचे लोक एकत्र कोंडलेले होते. त्यांच्या घरची माणसं दाराला कडी लावून लघुलहरींवर लंडन शोधत बसायची. तेव्हा कुणी पगाराचा हिशेब मागितल्याचं ऐकिवात नाही. माणसाला स्वतःच्या देशात स्वतःच्या भाषेत खरं ऐकू येईनासं झालं की परक्याचं पगारपत्रक त्याला दिसत नाही. सत्ता बदलली की ते पुन्हा दिसायला लागतं.

ही झाली दिल्लीच्या हाताची गोष्ट. टुलींच्या बाबतीत मला अधिक महत्त्वाची वाटते ती लंडनच्या हाताची. १९९३ मध्ये त्यांनी बीबीसीचे महासंचालक जॉन बर्ट यांच्या कारभारावर इंग्लंडमध्येच जाहीर भाषणात टीका केली. संस्थेत भीतीचं वातावरण पसरलंय असं सांगितलं. १९९४ मध्ये राजीनामा दिला. मग ते इंग्लंडला गेले नाहीत, दिल्लीच्या निजामुद्दीनमध्येच राहिले. भारताने त्यांना १९९२ मध्ये पद्मश्री आणि २००५ मध्ये पद्मभूषण दिलं, ब्रिटनने २००२ मध्ये सर केलं. दोन देशांच्या सरकारांनी गौरवलेला आणि दोन्हीकडच्या धन्यांना कधी ना कधी नकोसा झालेला माणूस. पगार कोणाचा हे विचारून या माणसाबद्दल काय कळतं? स्विचवर दिल्लीचा हात आला तेव्हा सही केली नाही, लंडनचा आला तेव्हा तोंड बंद ठेवलं नाही. यातून मात्र बरंच कळतं.

टुलींचं कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ते दिल्लीत नव्हते. बातमी काढली सतीश जेकब यांनी, त्यांच्या भारतीय सहकाऱ्याने. आकाशवाणी संध्याकाळपर्यंत गप्प असताना जगाला आणि राजीव गांधींनाही ती बीबीसीवरून कळली. अमृतसरच्या प्रकरणावर टुलींबरोबर पुस्तक लिहिलं तेही जेकब यांनीच. नाव गोऱ्याचं झालं. याला मी टुलींचा दोष म्हणत नाही, ते स्वतः जेकब यांचं श्रेय देत आले. पण परदेशी वार्ताहराच्या धैर्याला एक विमा असतो. त्याला फार तर विमानात बसवून परत पाठवतात. स्थानिक वार्ताहराला कुठे पाठवणार? ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत जमावाने टुलींना एका देवळाच्या खोलीत कोंडलं, त्यांच्या नावाने मुर्दाबादच्या घोषणा दिल्या, आणि काही तासांनी त्यांची सुटका झाली. गंभीरच प्रसंग. पण त्याच दिवशी तिथे मार खाल्लेल्या, कॅमेरे फुटलेल्या देशी छायाचित्रकारांची नावं आज कुणाला सांगता येतील?

फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या दिल्ली आणि मुंबई कार्यालयांत आयकर खात्याचं सर्वेक्षण झालं. पंतप्रधानांवरच्या माहितीपटानंतर काही आठवड्यांतच. जगभर मथळे झाले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारण्यात आलं. कोकणातल्या नियोजित रिफायनरीचं समर्थन करणाऱ्या एका माणसाबद्दल त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला धडक बसली, आणि गुन्हा नोंदला गेला तो त्याच माणसावर. वारिशे यांचा पगार कुठल्या परदेशातून येत होता? पगाराच्या प्रश्नाने देशभक्तीचा निकाल लागतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा घासून पाहावं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. परदेशी पत्रकार पाहतो तो त्याच्या चष्म्यातून. गरिबी, जात, दंगल, साप-गारुडी यांच्यापलीकडे त्याला भारत दिसत नाही. आणि हे आजचं नाही. पुण्याला तर याचा जुना अनुभव आहे. लंडनच्या 'टाइम्स'च्या व्हॅलेंटाइन चिरोल यांनी टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवून राजकीय हत्यांचं खापर त्यांच्यावर फोडायचा प्रयत्न केला. टिळकांनी लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो लढायला स्वतः तिकडे गेले आणि १९१९ मध्ये तो हरले. खर्चाचा डोंगर उभा राहिला, तो लोकवर्गणीने उतरवावा लागला. चिरोल यांनी बेइज्जती म्हणून चिकटवलेलं बिरुद आपण आज अभिमानाने मिरवतो, हा त्यातला विनोद.

आक्षेप मला मान्य आहे. पण टिळकांनी काय केलं ते पाहा. 'तुला पगार कोण देतं' एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. चिरोल यांनी आपल्याबद्दल छापलेली विधानं खोटी आहेत असं म्हणून ते लढले. हरले, पण लढले मजकुराशी. परदेशी पत्रकार चुकला तर हेच करावं: त्याची चूक दाखवावी, दुरुस्ती मागावी, जमलं तर कोर्टात खेचावं. टुली यांनाही भारतातल्या लोकांनी याच पद्धतीने अनेकदा धारेवर धरलं आणि ते त्यांनी ऐकून घेतलं. जिथे मजकूर सोडून माणसाच्या रहिवासाच्या परवान्याला हात घातला जातो, तिथे मजकूर खोडता येत नाही असा अर्थ लोक काढणारच.

आणि हात परवान्यालाच घातला जातोय. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहखात्याने अधिसूचना काढली. ओसीआय कार्ड असलेल्याला, म्हणजे भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकाला, पत्रकारिता करायची तर वेगळी परवानगी लागेल. तशीच परवानगी धर्मप्रसारासाठी आणि गिर्यारोहणासाठीही लागते. पत्रकारितेला या रांगेत कुणी आणि का बसवलं हे एक कोडंच आहे. आता ज्या अनिवासी भाच्याच्या कौतुकात आपली घरं बुडालेली असतात, तो भाचा उद्या मेलबर्नहून पत्रकार होऊन आला तर त्याला इथे कामाला परवाना लागेल. सॉफ्टवेअर कंपनीत आला तर लागणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रेंच पत्रकार व्हनेसा दुन्याक यांनी दोन दशकांहून अधिक काळ राहिल्यावर भारत सोडला. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीच्या दक्षिण आशिया प्रतिनिधी अवनी डायस गेल्या. व्हिसा वाढवून मिळणार नाही असं आपल्याला सांगण्यात आलं, मग शेवटच्या क्षणी थोडी मुदतवाढ आली, असं त्यांचं म्हणणं. सरकारने ते दिशाभूल करणारं ठरवलं. खरं कोणाचं, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. कुठल्याही पत्रकाराला दर काही महिन्यांनी आपला व्हिसा वाढेल की नाही याची धास्ती असेल तर १९४२ च्या स्विच सेन्सॉरची जागा स्टुडिओतून त्याच्या डोक्यात गेली, एवढाच फरक.

पगाराचा प्रश्न किती निकामी झालाय याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण बीबीसी मराठीचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही सेवा नव्याने सुरू झाली, गुजराती, पंजाबी, तेलुगूबरोबर. पुढे डिजिटल वृत्तमाध्यमांत परदेशी गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा आली. तेव्हा बीबीसीच्याच चार वरिष्ठ भारतीय कर्मचाऱ्यांनी 'कलेक्टिव्ह न्यूजरूम' ही भारतीय कंपनी काढली आणि एप्रिल २०२४ पासून बीबीसीच्या मराठीसह भारतीय भाषांतल्या सेवांचं काम तिच्याकडे गेलं. तेच वार्ताहर, तेच बोधचिन्ह. पगार आता भारतीय कंपनी देते. काकांच्या प्रश्नाला कायदेशीर, बिनचूक उत्तर मिळालं. मग आता त्यांचा विश्वास बसला का? बसणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण खटकत होती ती बातमी.

खरं म्हणजे स्विचचा प्रश्न आपल्या दाराशीच आहे, आणि तिथे आपण तो विचारत नाही. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. जून २०२३ मध्ये तिथला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्यांचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली, सर्वपक्षीय पत्रं गेली, आणि केंद्रीय मंत्र्यांनी आदेश थांबवला. चांगलं झालं. त्या बातमीपत्राचे श्रोते आजही आहेत. सकाळचा चहा आणि पुणे केंद्र हे समीकरण कित्येक घरांत अजून टिकून आहे. पण त्या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती पुण्याच्या मानाची आणि नोकऱ्यांची. त्या बातमीपत्रात पुण्याच्या कुठल्या बातमीला जागा मिळत नाही आणि ते कोण ठरवतं, हे कुणी विचारलं नाही. आदेश दिल्लीतून निघाला आणि दिल्लीतूनच थांबला. म्हणजे स्विच कुठे आहे हे दोनदा दिसलं, आणि दोन्ही वेळा आपण नजर दुसरीकडे वळवली.

रेडिओवर मराठीत बातमी सांगण्याचा अधिकार पुण्यात आकाशवाणीखेरीज कुणाला आहे? खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा ऐकवायच्या. तीच गत विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'सारख्या सामुदायिक केंद्रांची. वृत्तपत्राला मुभा, टीव्हीला मुभा, मोबाइलवर कुणालाही मुभा, आणि रेडिओवर मात्र सरकारची मक्तेदारी. ही तफावत इतकी जुनी झालीय की ती दिसेनाशी झालीय. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. दहा मिनिटं! एवढ्याशा शिफारशीसाठीही पुण्यात कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की परदेशी आवाजाला जाब विचारणाऱ्या शहराने आधी स्वतःच्या आवाजासाठी दहा मिनिटं मागावीत. हुजूरपागा आणि पत्रकारिता शिकवणारी रानडे इन्स्टिट्यूट ज्या शहरात आहेत तिथे रेडिओची बातमीदारी करायला तयार मुलं-मुली कमी पडणार नाहीत. आज त्यांना लंडनला किंवा दिल्लीला जावं लागतं, आणि गेल्यावर मग आपण त्यांना पगार विचारतो. इथल्या एफएमवर नियमाप्रमाणे वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीकपात हे सगळं सांगता येतं, कारण ते बातमीत धरत नाहीत. म्हणून निवेदक सकाळी नऊ वाजता सिंहगड रस्त्यावर कोंडी आहे असं सांगू शकतो, गाणं लावू शकतो, पुन्हा कोंडीच सांगू शकतो. कोंडी का आहे, कंत्राट कोणाचं होतं आणि मुदत किती वेळा वाढली, हे तो सांगायला लागला तर ती बातमी होते, आणि परवाना धोक्यात येतो.